वाचकांचे प्रश्न : रग्बी लीगमधलं करिअर आणि त्यातली माणसं

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. शनिवारी कूपरेजजवळ रग्बी खेळतो आणि मोबाइलवर ऑस्ट्रेलियातले एनआरएलचे सामने बघतो. मला तिथेच खेळायचंय म्हणतो. प्रोत्साहन द्यावं की वेळीच आवरावं? (एक पालक, मुलुंड)

उत्तर : आवरू नका. पण तो खेळतो तो आणि तो बघतो तो, हे दोन वेगळे खेळ आहेत, एवढं आधी दोघांनी समजून घ्या. मुंबईतल्या क्लबांत चालतं ते रग्बी युनियन, 15 जणांचं किंवा 7 जणांचं. एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) ही ऑस्ट्रेलियातली स्पर्धा, आणि तिथे खेळतात ते रग्बी लीग, 13 जणांचं. लीगमध्ये चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे त्यांचा खेळाडू सहा वेळा पकडला जाईपर्यंत चेंडू त्यांचा, मग तो समोरच्याकडे जातो. पकडला गेलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो. तेवढ्यात त्याच्यापुढचे दोघे सोडून बचाव करणाऱ्या बाकी सगळ्यांना 10 मीटर मागे जावं लागतं. हे मागे धावणं मोबाइलच्या पडद्यावर नीट दिसत नाही, पण युनियनमधून आलेल्यांचा दम तिथेच संपतो.

आता जागांचा हिशेब. एनआरएलचे 17 क्लब आणि प्रत्येकाचा मुख्य संघ 30 जणांचा, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम पाचशे जागा. सिडनीतली मुलं 17 वर्षांखालील हॅरल्ड मॅथ्यूज कप, 19 वर्षांखालील एसजी बॉल कप आणि न्यू साउथ वेल्स कप अशा पायऱ्या चढत वर येतात. लीगचा एकही सामना न खेळता मुंबईहून थेट करार मिळणं जवळपास अशक्य आहे. त्यातल्या त्यात खरा रस्ता शिक्षणाचा. बारावीनंतर सिडनी, ब्रिस्बेन, लीड्स, हल अशा ठिकाणी प्रवेश घ्यायचा, पहिल्याच महिन्यात तिथल्या हौशी क्लबात नाव घालायचं. ब्रिटनमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या व्हिसासाठी त्या खेळाच्या संघटनेची शिफारस लागते, तेव्हा एखाद्या एजंटाने 'व्हिसासकट ट्रायल' देऊ केली तर पैसे भरू नका.

क्लबला व्हिडिओ पाठवायचाच तर निवडक ट्राय (समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) जोडून पाठवू नका, दोन-तीन पूर्ण सामने द्या. मुलगा टॅकल करून किती लवकर उभा राहतो, 70व्या मिनिटालाही बचावाच्या रांगेत परत येतो का, हे निवडणाऱ्याला बघायचं असतं. दरम्यान इथलं सेव्हन्स, म्हणजे 7 जणांचं रग्बी, सोडू नये. 2025 मध्ये अंधेरीच्या मैदानावर सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, नावात 'लीग' असली तरी सेव्हन्सचीच, म्हणजे घराजवळही या खेळाचा एक दरवाजा उघडला आहे.

प्रश्न : आमच्या मंडळात कबड्डीची पोरं आहेत. ताकद आहे, पण उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर. लीगमध्ये अशांचं काय काम? (एक कबड्डी प्रशिक्षक, लालबाग)

उत्तर : इंग्लंडमधल्या लीड्स ऱ्हायनोज क्लबचा रॉब बरो 1.65 मीटर उंचीचा होता, म्हणजे तुमच्या पोरांएवढाच. आठ ग्रँड फायनल, म्हणजे तिथल्या लीगचे अंतिम सामने, त्याने जिंकले. 2011 च्या अंतिम सामन्यात टॅकल करणाऱ्यांच्या हातांखालून वाकून निसटत त्याने केलेली ट्राय जरूर पोरांना दाखवा. हाफबॅक आणि हुकर या, चेंडू खेळवणाऱ्यांच्या, जागांवर उंचीपेक्षा पहिल्या पाच मीटरांतला वेग आणि पासची अचूकता जास्त लागते.

कबड्डीचे मोहरे इथे उपयोगी पडतात, पण तीन सवयी मोडाव्या लागतील. पहिली, घोट्यावर सूर मारणं. दहा मीटर धावत आलेल्या माणसाचा गुडघा थेट डोक्यात बसतो. दुसरी, नुसत्या हातांनी पकडणं. समोर शंभर किलोंचा माणूस असेल तर खांदा आधी लागला पाहिजे, हात त्यानंतर आवळायचे. तिसरी, चढाईपटूला उचलून मागे टाकणं. कबड्डीत त्यावर टाळ्या पडतात. लीगमध्ये उचललेला माणूस आडवा होऊन त्यापुढे डोक्याकडे उलटला की दंड होतो आणि बहुतेकदा पुढच्या सामन्यांची बंदीही येते, कारण त्यात मान मोडते.

टॅकल असा शिकवा : शेवटच्या दोन मीटरांत पावलं छोटी, एक पाय समोरच्याच्या अगदी जवळ, त्याच पायाच्या बाजूचा खांदा मांडीच्या वरच्या भागावर. नजर वर. डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला, पुढे कधीच नाही. मेंदूला मार बसण्याचं मोठं कारण डोकं चुकीच्या बाजूला जाणं हेच असतं. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हळू धावत, आणि दर वेळी दोन्ही खांद्यांवर सारखा सराव. बहुतेकांचा डावा खांदा कच्चा असतो आणि तो लपवायला ते डोकं नको तिकडे घालतात.

गिरणगावातून पत्र आलं आहे म्हणून एक सांगावंसं वाटतं. हा खेळ जन्मला तोच कामगारांच्या खाड्यावरून. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू खाणीत नि गिरण्यांत राबायचे आणि सामन्यासाठी सुट्टी घेतली की पगार कापला जायचा. तो भरून द्यायला दक्षिणेकडच्या धुरिणांचा विरोध होता. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले आणि बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग द्यायचं ठरलं.

प्रश्न : वक्तृत्व स्पर्धेसाठी रग्बी लीगमधल्या एका खेळाडूचं चरित्र हवं आहे. कोण निवडू? (विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर : क्लाइव्ह सलिव्हन. कार्डिफचा. लहानपणी इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की चालणंही कठीण जाईल असं डॉक्टरांना वाटत होतं. पुढे तो ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. कुठल्याही खेळात ब्रिटनचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. 1972 मध्ये फ्रान्समधल्या लिआँ इथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने जवळपास सगळं मैदान धावत पार करून ट्राय केली. सामना 10-10 असा सुटला आणि आधीच्या कामगिरीवर ब्रिटन विश्वविजेता ठरलं. 1985 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने तो गेला. हल शहरात शिरणाऱ्या मुख्य रस्त्याला आज त्याचं नाव आहे. सोबत बिली बॉस्टनही वाचा : विगन क्लबसाठी 478 ट्राय, आणि 2025 मध्ये 'सर' हा किताब, रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला पहिला.

प्रश्न : शनिवारी मुलीच्या डोक्याला मार लागला. बेशुद्ध झाली नाही, आता ठीक वाटतंय. सोमवारी सरावाला पाठवू का? (एक आई, दादर)

उत्तर : नको, ताई. शुद्ध न हरपताही मेंदूला धक्का बसतो. एनआरएलमध्ये डॉक्टर दिमतीला असतानाही असा मार बसलेल्या खेळाडूला साधारण 11 दिवस बाहेर ठेवतात. शाळकरी मुलांसाठी ऑस्ट्रेलियातली मार्गदर्शक सूचना याहून कडक आहे : टक्कर होईल अशा सरावाआधी सलग 14 दिवस एकही लक्षण नसावं आणि मार लागल्यापासून किमान 21 दिवस झालेले असावेत.

पहिले दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाइल कमीत कमी. मग चालणं, हलकं धावणं, चेंडूशिवाय व्यायाम, चेंडूसह व्यायाम, अशी एकेक पायरी, प्रत्येकीला किमान 24 तास. डोकेदुखी वाढली तर एक पायरी मागे. शाळा आधी पूर्ववत होऊ द्या, मैदान त्यानंतर. आणि वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, दोन दोन दिसणं, मानदुखी, हातापायाला मुंग्या, झटका किंवा न उतरणारी गुंगी यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी केईएम किंवा सायनच्या अपघात विभागात न्या.