बाहेर पाऊस, आणि खिडकी उघडायची?

प्रश्न : ऑकलंडला आम्ही जुन्या लाकडी घरात भाड्याने राहतो. जुलैत रोज सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, बेडरूममधल्या कपाटामागे काळी बुरशी धरलीय. कपडे घरातच, सिलिंडरच्या हीटरसमोर वाळवते. रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई म्हणतात, पावसाळी हवा आहे, खिडक्या लावून घ्या. काय करावं?
– एक वाचक, ऑकलंड

उत्तर : सासूबाईंचं चुकत नाही, त्यांचा पाऊस वेगळा. मी गुहागरचा. वेलिंग्टनला नोकरीला गेलो तो पहिला हिवाळा खिडक्या गच्च लावून काढला, आणि लग्नातल्या कोटाला बुरशी लागली. इमारतींचा इंजिनिअर असून!

कोकणात जुलैत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर एका घनमीटर हवेत २३ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. ती हवा आत घेतली की पापडसुद्धा मऊ पडतात. तुमच्याकडे सकाळी बाहेर ८ अंश असतात. इतक्या गार हवेत बाष्प मावतंच कमी. पाऊस पडत असला तरी साडेसात ग्रॅमच्या वर फारसं जात नाही. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापली, की आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आत येते. म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. भिंती तेवढ्यात गार होत नाहीत.

आता तो हीटर. त्याचा धूर बाहेर नेणारं नळकांडं नसणार. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. त्यात ओले कपडे! शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका. तो आजच बंद करा. कपडे पडवीत वाळत घाला, नाहीतर बाथरूमचं दार लावून, पंखा चालू ठेवून.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल. तिथे ऊब पोचत नाही, वारा फिरत नाही, म्हणून भिंत गार पडते आणि तिच्यावर दव धरतं. वीतभर पुढे ओढा.

बाकीचं घरमालकाकडून करून घ्या. १ जुलै २०२५ पासून न्यूझीलंडमधल्या भाड्याच्या प्रत्येक खासगी घराला ‘हेल्दी होम्स’चे नियम लागू आहेत : मुख्य खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा पक्का बसवलेला हीटर, स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये हवा बाहेर फेकणारा पंखा, आणि जमिनीखालची पोकळी बंदिस्त असेल तर मातीवर पॉलिथिन. सिलिंडरचा हीटर यात धरत नाहीत. हे सगळं आहे की नाही, ते भाडेकराराबरोबरच्या कागदात लिहिलेलं असतं. तो काढून वाचा.

आणि पंखा नुसता आहे एवढ्यावर जाऊ नका. चालू करून बाहेर जा, वारा येतोय का हात लावून बघा. माझ्या घरी त्याचा पाइप माळ्यावरच सोडून दिलेला होता.