मुंबईत गोवंडीला घर बघू की मुलुंडला, हवा कुठे बरी हे नकाशावर कसं कळेल?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नकाशावर मुंबईतली मापन केंद्रं ठिपक्यांसारखी दिसतात. ठिपक्यावर क्लिक करून नुसता एक्यूआय (हवेचा गुणवत्ता निर्देशांक) बघू नका, पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा बघा. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीला मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम. परदेशी अ‍ॅपशी तुलना मात्र नको: याच ६० ला आपला निर्देशांक १००, अमेरिकी पट्टीवर तोच १५० च्या वर जातो. लोक उगाच घाबरतात.

काही नकाशांवर दोन केंद्रांमधल्या जागेतही रंग दिसतो; तो बहुतेकदा मोजलेला नसतो, गणिताने अंदाज करून भरलेला असतो. गोवंडीजवळच्या देवनार डम्पिंगला (कचरा टाकायच्या मैदानाला) लागून असलेली गल्ली नकाशावर हिरवी दिसली, तरी मी विश्वास ठेवणार नाही. आणि आकडे डिसेंबर-जानेवारीचे काढा, पावसाळ्यात सगळी मुंबईच स्वच्छ दिसते.