वायफाय ओटीवरच अडतं, मागच्या खोल्यांपर्यंत कसं न्यायचं? वाचकांचे प्रश्न

गुहागरजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर, वर लाकडी माळा. गणपतीत तिन्ही भावांची कुटुंबं येतात. फायबर ओटीवर आलंय पण माजघर ओलांडलं की नेट गायब. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला, काही उपयोग नाही. मोठा राउटर घेऊ का?

नका घेऊ, आणि प्लॅनही परत १०० वर आणा. प्लॅन वाढवला की ओटीवरच्या डब्यापर्यंत येणारं नेट वाढतं, तिथून पुढे फोनपर्यंत हवेतून जायचं ते आधी जसं जात होतं तसंच जातं. चिऱ्याची भिंत जाड, शिवाय चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरतो आणि पाणी सिग्नल शोषून घेतं. राउटर दोन बँडवर म्हणजे दोन प्रकारच्या लहरींवर बोलतो, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पहिल्या भिंतीतच अर्धमेला होतो, २.४ वाला त्यापुढे जातो पण माजघराच्या दोन्ही भिंती ओलांडून चुलीपर्यंत पोचेपर्यंत त्यातही जीव राहत नाही. कितीही अँटेनावाला राउटर आणला तरी फोनची अँटेना इवलीशीच असते, राउटरचं फोनला ऐकू आलं तरी फोनचं राउटरला ऐकू जायला नको का?

म्हणून सिग्नल भिंतीतून ढकलायचा नाही, वायर भिंतीपलीकडे न्यायची. राउटरच्या लॅन पोर्टातून (घरातली यंत्रं जोडायचं भोक) कॅट ६ म्हणजे नेटची केबल काढा, स्वयंपाकघराच्या दारापाशी आणा, तिथे एक ॲक्सेस पॉइंट लावा, म्हणजे केबलने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा. भिंत फोडायची गरज बहुतेक पडत नाही, कौलारू घरात केबल वरून वाशांच्या कडेने सहज नेता येते. फक्त पीव्हीसी पाइपातून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात, आणि लाइटच्या वायरीपासून थोडी लांब ठेवा. दुकानात केबल शुद्ध तांब्याचीच मागा. सीसीए नावाची स्वस्त केबल असते, ती आतून ॲल्युमिनियमची आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा, ती वाकवली की लवकर तुटते. तांब्याची एक केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या घराला पुरून उरेल.

ॲक्सेस पॉइंट नवीन घ्यायलाच पाहिजे असं नाही, जुना राउटर पडून असेल तर तोच वापरा. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), डीएचसीपी म्हणजे फोनना पत्ते वाटायची सोय बंद करा आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट येतं ते भोक) नाही, लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर दोन्ही डबे फोनना पत्ते वाटत बसतात आणि मग कुणाचं चालतं कुणाचं नाही असा गोंधळ होतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा म्हणजे ओटीवरून आत गेलं की फोन बहुतेक वेळा आपोआप जवळचा पकडतो. २.४ चे चॅनल मात्र वेगळे, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११. माळ्याची काळजी करू नका, लाकडी फळ्यांतून सिग्नल बऱ्यापैकी जातो.

अंगणापलीकडे गोठ्याच्या जागी दोन खोल्या बांधल्यात, तीच लॅन केबल आंब्याच्या झाडावरून तिकडे ओढली तर?

अजिबात नको. तांब्याची केबल उघड्यावरून एका इमारतीतून दुसरीत नेली की वीज थेट पडायचीही गरज नाही, जवळपास पडली तरी केबलमध्ये झटका येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जाऊ शकतात. कोकणात मे अखेर आणि परतीच्या पावसात काय विजा चमकतात ते तुम्हाला सांगायला नको. इथे फायबरच टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा सिग्नल लॅन केबलवर आणि उलट करणारा डबा. काचेतून वीज जात नाही. पण आधार देणारी लोखंडी तार नसलेली फायबर मागा, नाहीतर त्या तारेतून तेच होईल.

पुण्यात आम्ही आठ जण तीन मजली बंगला शेअर करतो. वरच्या मजल्यावर रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) लावलाय, फोनवर कांड्या फुल, पण व्हिडिओ कॉल अडकतो.

फुल कांड्या रिपीटरच्या आहेत, नेटच्या नाहीत. रिपीटर जिथे सिग्नल मेलाय तिथेच लावलाय ना? मग त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो तेच तुटकं पुढे पाठवतो. साधा रिपीटर एकाच बँडवर आधी ऐकतो मग बोलतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो तो वेगळाच. तात्पुरतं म्हणून त्याला जिन्यात अर्ध्या वाटेवर आणा, लोखंडी कपाट आणि मोठ्या आरशापासून लांब. कायमचं करायचं तर वर सांगितलं तेच, प्रत्येक मजल्यावर केबल आणि ॲक्सेस पॉइंट, कारण आरसीसी स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते, चिऱ्याइतकीच त्रासदायक. घरमालक केबल टाकू देत नसेल तर मेश घ्या, म्हणजे आपसात जोडून एकच वायफाय देणारे डबे, तोही ट्राय बँड (तीन बँडचा), म्हणजे डब्यांचं आपसातलं बोलणं वेगळ्या बँडवर चालतं. आणि केबल असेल तर तोच मेश केबलला जोडा, फरक लगेच दिसेल.

सिग्नल सगळीकडे छान, तरी रात्री दहानंतर सगळ्यांचंच नेट रडतं.

हा कव्हरेजचा प्रश्न नाही. आधी रात्री दहानंतरच बाकी सगळ्यांचं नेट बंद ठेवून लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून स्पीड बघा. तिथेही रडत असेल तर कंपनीकडे तक्रार करा. तिथे ठीक असेल तर सगळ्यांचं चालू करून परत बघा आणि अपलोडचा आकडा वाचा, सगळे फक्त डाउनलोड बघतात. रात्री फोन चार्जिंगला लागले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, घराबाहेरचा कॅमेरा क्लाउडवर चढवत असतो, आणि अपलोड तुंबलं की डाउनलोडही अडकतं. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती नेट द्यायचं ते ठरवायची सोय) असेल तर चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या थोडी खाली ठेवा. तेवढ्यावर पुष्कळ घरांतली भांडणं मिटतात.

लाइट गेली की नेट जातं, इन्व्हर्टर नाही.

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर चालवणारी बॅटरी मिळते. ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर काय लिहिलंय ते बघून तसाच घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतात पण ९ चेही असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लागेल, नुसता राउटर चालू राहून उपयोग नाही. वरच्या मजल्यांवरच्या ॲक्सेस पॉइंटना मात्र पीओई स्विच (केबलमधून वीजही देणारा, अनेक केबली जोडायचा डबा) घेतलात तर एकाच केबलमधून नेट आणि करंट दोन्ही जातं. जुन्या राउटरला हे चालत नाही, पीओई लिहिलेलाच ॲक्सेस पॉइंट लागतो. मग बॅकअप एकाच जागी पुरतो, फक्त तो स्विचच्या व्होल्टेजचा आणि त्याचा भार पेलणारा असू द्या.