विटमनने एकट्याने अख्खी ब्रिटिश ब्रिगेड संपवली, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की जर्मनीचा मायकेल विटमन हा दुसऱ्या महायुद्धातला सर्वश्रेष्ठ रणगाडा कमांडर होता का, आणि विलेर-बोकाज या गावात त्याच्या एका टायगर रणगाड्याने ब्रिटिशांची अख्खी ब्रिगेड, म्हणजे हजारो सैनिकांची तुकडी, उडवली, हे खरं का. रणगाड्यांच्या गेममध्ये त्याचं नाव वाचून तुम्हाला हा प्रश्न पडला, असंही तुम्ही लिहिलंय. मलाही तो तसाच भेटला. गेमऐवजी टायगरचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, एवढाच फरक. पुठ्ठ्याच्या खोक्यावर विटमनचं नाव आणि त्याने उडवलेल्या रणगाड्यांचा १३८ हा आकडा होता. पुढची काही वर्षं मी तो आकडा मित्रांच्या तोंडावर फेकत असे.

ब्रिगेड काही संपली नव्हती. पण त्या सकाळी जे घडलं तेही लहानसहान नव्हतं.

१३ जून १९४४. फ्रान्सच्या नॉर्मंडीत दोस्त फौजा उतरून आठवडा झाला होता आणि काँ शहर अजून जर्मनांच्याच हातात होतं. शहराला पश्चिमेकडून वळसा घालायचा म्हणून ब्रिटिशांच्या ७व्या आर्मर्ड डिव्हिजनची, म्हणजे आफ्रिकेत गाजलेल्या ‘डेझर्ट रॅट्स’ची, आघाडीची तुकडी सकाळी विलेर-बोकाजमध्ये शिरली. गावकऱ्यांनी स्वागत केलं. रणगाड्यांची एक स्क्वॉड्रन गावाबाहेरच्या २१३ नंबरच्या टेकाडावर गेली, आणि तिच्यामागे पायदळाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला एकामागे एक, नाकाला शेपूट लावून उभ्या राहिल्या. पुढे कोण आहे याची टेहळणी धड झाली नव्हती.

तिथून हाकेच्या अंतरावर विटमनच्या कंपनीचे मोजके टायगर झाडीत दबून होते. आदल्या दिवशीच ते बोव्हेहून लांबचा प्रवास करून आले होते, वाटेत विमानहल्ले झेलत आणि बिघाड सोसत, म्हणून कंपनी निम्म्याहून कमी उरली होती. सगळ्यांना गोळा करायला वेळ नव्हता. विटमनने बाकीच्यांना जागा धरून ठेवायला सांगितलं आणि आपला टायगर रस्त्यावर काढला. मग रांगेत उभ्या असलेल्या गाड्या एका टोकापासून उडवत तो थेट गावात घुसला. हे सगळं पाव तासात आटोपलं.

टायगर ५७ टनांचा, पुढचं चिलखत १०० मिलिमीटर, तोफ ८८ मिलिमीटरची. समोरच्या क्रॉमवेल रणगाड्याची ७५ मिलिमीटरची तोफ त्याला पुढून काही करू शकत नव्हती. कॅप्टन डायस नावाच्या अधिकाऱ्याने आपला क्रॉमवेल आडोशाला घेतला, टायगर पुढे गेल्यावर त्याच्या मागावर निघाला, गोळेही मारले. ते लागूनही टायगरला काही झालं नाही, आणि उलट्या माऱ्यात डायसचा रणगाडाच गेला.

त्या सकाळी बळी पडलेल्या ‘रणगाड्यां’मध्ये तोफखान्याच्या निरीक्षकांचे रणगाडेही होते. आत नकाशे आणि वायरलेस मावावेत म्हणून त्यांची तोफ काढून टाकलेली, आणि शत्रूला कळू नये म्हणून जागी लाकडाची खोटी नळी बसवलेली. शिवाय टेहळणीचे हलके स्टुअर्ट होते, ज्यांची टायगरपुढे काहीच मात्रा चालणार नव्हती. आकडेवारीत मात्र हे सगळे ‘रणगाडेच’. मॉडेलच्या खोक्यावर लाकडी तोफ कुणी छापत नाही.

विटमनचं धाडस खोटं नव्हतं. एकट्या रणगाड्याने, पायदळाची सोबत नसताना, अरुंद गल्ल्यांच्या गावात शिरायचं याला छाती लागते. पण शिस्तीच्या पुस्तकात याला धाडसाआधी चूक म्हणतात, आणि तिची किंमत लगेच मोजावी लागली. गावातच ६ पौंडी रणगाडाविरोधी तोफेने त्याचा टायगर जायबंदी केला. रणगाडा तिथेच टाकून तो आणि त्याचे साथीदार पायी निघाले आणि काही किलोमीटरवरच्या पँझर लेअर या जर्मन रणगाडा डिव्हिजनच्या मुख्यालयात पोचले.

खरी मेख दुपारची आहे, आणि गेममध्ये ती कुणी सांगत नाही. दुपारी आणखी एका कंपनीचे टायगर आणि पँझर लेअरचे रणगाडे गावात शिरले. आता ब्रिटिश सावध होते. गल्लीच्या तोंडांवर ६ पौंडी तोफा होत्या आणि १७ पौंडी तोफेचा फायरफ्लाय रणगाडा दबा धरून होता. त्यांनी बगलेतून मारून अनेक रणगाडे निकामी केले. दिवसभरात जर्मनांचे पाच-सहा टायगर गेले. ते इतके थोडे बनत होते की हा तोटा भरून निघणं अवघड होतं. ब्रिटिशांचे वीसहून जास्त रणगाडे गेले. २१३ टेकाडावरची स्क्वॉड्रन तर पुरती कापली गेली, आणि रेजिमेंटचा कर्नल तिथेच कैद झाला. ब्रिगेड मात्र शाबूत होती. रात्री ती गावातून मागे सरली आणि पुढेही लढली. काँ लवकर घेण्याची संधी गेली, ही ब्रिटिशांची खरी हार. ऑगस्टच्या सुरुवातीला डिव्हिजनच्या आणि तिच्या वरच्या कोअरच्या दोन्ही जनरलना पदावरून हटवलं, त्यामागे या दिवसाचंही ओझं होतं.

मग सगळं श्रेय एकट्या विटमनला कसं गेलं? कारण बर्लिनला त्या आठवड्यात एका चेहऱ्याची निकड होती. नॉर्मंडीतून चांगली बातमी येत नव्हती. विटमन देखणा होता, शेतकऱ्याचा मुलगा होता आणि आधीच प्रसिद्ध होता. त्याच्या साथीदारांनी, दुपारच्या त्या कंपनीने, पँझर लेअरने दिवसभरात जे केलं ते सारं त्याच्या नावावर चढलं, रेडिओवर त्याचा डंका वाजला, त्याच्या नाइट्स क्रॉस या शौर्यपदकाला तलवारी जोडल्या गेल्या आणि बढतीही झाली. युद्धानंतर आठवणी लिहिणाऱ्यांनी तोच मजकूर पुढे चालवला.

आता १३८ कडे येऊ. विटमनचा जन्म १९१४ चा, बव्हेरियातल्या फोगेलटाल गावचा. १९३६ साली एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेत दाखल झाला, पोलंडमध्ये चिलखती गाडीवर होता, रशियात आधी स्टुग या टरेट (वरचा फिरता बुरूज) नसलेल्या, रणगाड्यासारख्या चालणाऱ्या तोफेवर. टायगर त्याला १९४३ मध्ये मिळाला आणि रशियातल्या कुर्स्कच्या लढाईपासून आकडा पळायला लागला. जानेवारी १९४४ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने त्याला नाइट्स क्रॉस आणि त्यावरची ओक लीव्हज मिळाली, आणि तोवर ११७ रणगाडे त्याच्या नावावर लागले होते.

हे मोजत कोण होतं? जे मारत होते तेच. धुरात पेटलेला रणगाडा कुणाच्या गोळ्याने पेटला, दोन टायगर एकाच लक्ष्यावर मारत असतील तर कुणाचा धरायचा, आणि रात्रीतून रशियनांनी ओढून नेऊन दुरुस्त केलेला रणगाडा मेला म्हणायचा का? शिवाय गोळा कमांडर मारत नाही, गनर मारतो. विटमनचा गनर बाल्थाझर वोल याला विटमनच्या पाठोपाठ दोन दिवसांनी स्वतंत्र नाइट्स क्रॉस मिळाला, आणि तोही विटमनच्याच रणगाड्यातल्या कामगिरीवर. तोच मेलेला रणगाडा दोन खात्यांत जमा! विटमनच्या लग्नाचा साक्षीदारही वोलच होता, तेव्हा दोघांत याबद्दल भांडण झालं नसावं.

श्रेष्ठतेचा निकष आकडाच असेल तर मुकुट विटमनचा नाहीच. कुर्ट क्निस्पेलच्या नावावर १६८ रणगाडे लागतात, त्यातले बरेच गनर म्हणून, आणि त्याला नाइट्स क्रॉस शेवटपर्यंत मिळाला नाही. ओटो कारियस दीडशेच्या आसपास. तो युद्धातून वाचला, फार्मासिस्ट झाला आणि दुकानाचं नाव ‘टायगर अपोथेके’ ठेवून २०१५ पर्यंत जगला. हे दोघे नियमित सैन्यातले होते. विटमन एसएसचा होता, आणि एसएसमध्येही ‘लायबश्टांडार्ट’चा, म्हणजे हिटलरच्या खास अंगरक्षक दलातून वाढलेल्या डिव्हिजनचा. मे १९४० मध्ये याच दलाच्या माणसांनी फ्रान्समध्ये वोर्महाउट इथे शरण आलेल्या ऐंशीच्या आसपास सैनिकांना कोठारात कोंडून मारलं. विटमनचं नाव त्या घटनेशी जोडलेलं नाही. पण गेममध्ये त्याच्या कॉलरवरच्या एसएसच्या खुणा पुसून नुसता ‘टँक एस’, म्हणजे रणगाड्यांचा हुकमी एक्का, उरतो, ते मला खटकतं.

त्याचा शेवट ८ ऑगस्ट १९४४ चा. बटालियनचा कमांडर आजारी असल्याने सूत्रं विटमनकडे होती. दोस्त फौजा काँहून फालेझच्या दिशेने निघाल्या होत्या. त्यांना अडवायला सात टायगर मोकळ्या शेतातून, रस्त्याच्या कडेने, पुढे निघाले. उजवीकडच्या बागेत ब्रिटिश होते, डावीकडे गोमेनीलजवळच्या वाड्याच्या भिंतीआड कॅनेडियन होते, आणि या दोन्हींचा त्यांना पत्ता नव्हता. विलेर-बोकाजला ब्रिटिशांनी टेहळणी न करण्याची जी चूक केली तीच इथे त्याने केली. पाच टायगर गेले. विटमनच्या ००७ नंबरच्या टायगरचं टरेट दारूगोळ्याच्या स्फोटाने उडून बाजूला पडलं.

गोळा कुणाचा, यावर वाद आहे. विमानाचा रॉकेट म्हणणारा जर्मन दावा आता बहुतेकांनी सोडलाय. बरीच वर्षं श्रेय ब्रिटिशांच्या नॉर्थॅम्प्टनशर योमनरी या रेजिमेंटच्या फायरफ्लायवरचा गनर जो एकिन्स याला होतं. त्याने काही मिनिटांत तीन टायगर टिपले होते. आता अनेक अभ्यासक कॅनेडियन शर्ब्रुक फ्युझिलिअर्स या रेजिमेंटच्या बाजूने झुकतात, कारण ते दीडशे मीटरवर होते आणि मार डावीकडून बसला होता. मलाही तेच पटतं.

विटमन आणि त्याचे साथीदार त्याच शेतात पुरले गेले. अवशेष सापडले १९८३ मध्ये, आणि आता ते ला कांबच्या जर्मन दफनभूमीत आहेत. एकिन्स युद्धानंतर इंग्लंडमध्ये परतला आणि पुन्हा बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. आपण त्या दिवशी कुणाच्या तुकडीवर गोळे झाडले, हे त्याला कित्येक वर्षांनी दुसऱ्यांनी सांगितलं.