मेअखेरीस गटाने पक्षीनिरीक्षणाला जावे का?

हिवाळी पाहुणे परतल्यावर, मेच्या अखेरीस, दहा-बारा जणांनी पुण्याजवळची पाणथळ जागा आणि झाडी पाहायला जाण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र जानेवारीतील यादी मनात धरून जाऊ नये.

भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, चक्रवाक आणि पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे तोवर उत्तरेकडे गेलेले असतात. परंतु पाणी ओसरून गाळ उघडा पडल्यामुळे चित्रबलाक, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) आणि बगळे उरलेल्या उथळ पाण्यात दाटीने चरताना दिसतात, आणि पाऊस सुरू होईपर्यंत रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवेही बरेचदा रेंगाळतात. कुंभारगाव किंवा डिकसळ येथून मच्छीमारांच्या होडीने उजाडताच निघावे, कारण ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दुर्बीण असूनही उपयोग होत नाही. होडीतून काठावर वा बेटांवर मात्र उतरू नये. नदी सुरय, शेकाट्या आणि टिटवी यांचा हा विणीचा काळ असतो. एकदा आम्ही आठ जण छायाचित्रांसाठी काठावर पांगलो होतो. डोक्यावर टिटवी सारखी ओरडत होती आणि आम्ही तिचेच फोटो काढत होतो. ढेकळांच्या रंगाची तिची अंडी आमच्यापासून चार पावलांवर होती, हे होडीवाल्याने सांगितल्यावर कळले. पोटाची पिसे भिजवून अंडी गार ठेवणाऱ्या त्या पक्ष्याला आम्ही भर उन्हात दूर अडवून धरले होते, याची लाज अजून वाटते.

सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीसाठी दुसरी सकाळ राखून ठेवावी. तेथे हिंडण्यापेक्षा ओढ्यातील एखाद्या उरलेल्या डबक्यापासून अंतर राखून सावलीत बसून राहणे फायद्याचे ठरते. स्वर्गीय नर्तक आणि टिकेलचा निळा माशीमार तहानेने आपणहून येतात. वळवाच्या सरींच्या सुमारास नवरंग पक्षी दाखल होतो आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दुहेरी शीळ ऐकू येते. ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा दिसला नाही तरी ऐकू येईलच.

डबक्यापाशी बारा जण एकत्र बसवू नका, दोन तुकड्या करा. नवरंगाची शीळ मोबाइलवर वाजवून त्याला बोलावण्याचा आग्रह कोणीतरी धरेलच. त्याला निघण्यापूर्वीच स्पष्ट नकार द्यावा, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो पक्षी ऐन विणीच्या तोंडावर नाहक दमतो.