१९६१-६२ चा उतारा आणि पुरात गेलेलं दप्तर

प्रश्न : गिरणगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर आजोबांपासून आमची पिठाची गिरणी आहे. मागे पत्र्याची पडवी काढून आजोबांनी तिथे दुसरी चक्की बसवली होती. ही पडवी अनधिकृत आहे म्हणून महापालिकेची कलम ३५१ ची नोटीस आली आहे. बांधकाम १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असल्याचा पुरावा मागतात. तो आहे त्यांच्याच करनिर्धारण खात्यात, १९६१-६२ च्या नोंदीत. उतारा मागायला गेलो तर "जुनी रजिस्टरं २६ जुलैच्या पुरात गेली" असं तोंडी सांगून परत पाठवलं. काय करावं?

उत्तर : नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते तुम्ही कळवलेलं नाही, आणि मला आधी काळजी त्याचीच वाटते. ३५१ च्या नोटिशीला सात दिवसांत कारण दाखवायचं असतं. माहिती अधिकारात उत्तर द्यायला मात्र त्यांना तीस दिवस मिळतात. उताऱ्याची वाट पाहत बसलात तर आधी तोडण्याचा आदेश हातात पडेल. म्हणून आजच लेखी उत्तर द्या. मुदत उलटली असेल तरी द्या. पडवी १९६२ पूर्वीची आहे, त्याची नोंद आपल्याच ताब्यातल्या करनिर्धारण पुस्तकात असायला हवी, ते पुस्तक मला पाहू द्या आणि तोवर कारवाई करू नका, एवढं त्यात स्पष्ट लिहा. जे कागद घरात आहेत त्यांच्या प्रती जोडा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आता दप्तराविषयी. करनिर्धारण पुस्तक ठेवणं ही महापालिकेची मर्जी नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १५६ ने ते ठेवायला सांगितलं आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सगळे अभिलेख सूचीसह आणि सहज सापडतील असे ठेवायला लावतं. त्याच वर्षीचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांनाही लागू आहे. अभिलेखांसाठी जबाबदार अधिकारी नेमायचा आणि ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय एकही कागद नष्ट करायचा नाही, असं तो सांगतो. बेकायदा नाश केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. त्यात अ वर्ग कायमचा, तर ब वर्ग तीस वर्षांचा. रजिस्टर कोणत्या वर्गातलं होतं, हे त्यांनीच सांगायला हवं.

पुराचं कारण मी खोटं म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पण त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. सगळ्या मुंबईचं दप्तर सारखंच भिजलं असं धरून चालता येत नाही. रजिस्टरं खरोखर गेली असतील तर त्याचा पंचनामा असेल, भिजलेल्या बाडांची यादी असेल, वरिष्ठांना पाठवलेला अहवाल असेल. ते मागा. "सापडत नाही" एवढं म्हणून सुटका होत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलं आहे : एके काळी कार्यालयात असलेला अभिलेख नीट शोधायचा, आणि तरी मिळाला नाही तर जबाबदारी निश्चित करायची.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. म्हणून दोन अर्ज करा. एकात तुमच्या मिळकतीच्या १९६१-६२ च्या नोंदीची प्रमाणित प्रत आणि मूळ पुस्तकाची पाहणी मागा. दुसऱ्यात त्या रजिस्टरची वर्गवारी, पंचनामा, नाशाचा आदेश आणि याद्या मागा. प्रत्येकी दहा रुपये शुल्क आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोग दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड लावू शकतो. तो तुम्हाला मिळत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर ती अपिलात वेगळी मागावी लागते. तुमच्या दृष्टीने खरं मोल आहे ते "अभिलेख उपलब्ध नाही" या सहीशिक्क्याच्या कागदाला. मूळ नोंद हरवल्याचं त्यातून दिसलं, की भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६० खाली तुम्ही दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ नोंदीऐवजी तिची नक्कल वगैरे, पुढे करू शकता.

आणि पडवी जुनी असल्याचा इतर पुरावा कुठे शोधायचा? विजेवर चालणाऱ्या चक्कीला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३९० ची परवानगी लागते. आजोबांच्या नावाचा परवाना मिळाला तर त्यातलं जागेचं वर्णन बघा. बेस्टकडे मीटर जोडणीची तारीख विचारा. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, मालमत्ता कराची जुनी बिलं, घरमालकाच्या भाडेपावत्या, सगळं गोळा करा. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरची सही खरी असल्याचं न्यायालय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली गृहीत धरू शकतं. पावती देणारा घरमालक आज हयात नसला, तरी अडत नाही.

पाडण्याचा आदेश आलाच तर नगर दिवाणी न्यायालयात दावा आणि त्याबरोबर तातडीच्या मनाईचा अर्ज, यात एक दिवसही दवडू नका. पालिकेने मूळ पुस्तक हजर करावं, असा अर्जही तिथे द्या. हाताशी असलेला पुरावा एखादा पक्ष दडवत असेल तर तो त्याच्या विरोधात जाणारा आहे, असं अनुमान न्यायालय काढू शकतं. काढेलच असं नाही, आणि पडवी जुनी आहे हे दाखवण्याचा भार तुमच्यावरून उतरत नाही. दप्तर त्यांनी हरवलं म्हणून दावा आपोआप तुमच्या बाजूने लागेल, या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट मला स्पष्ट विचारायलाच हवी. ती पडवी आज आहे तेवढीच तेव्हा होती का? नंतर विटांची भिंत घातली, पोटमाळा काढला, दोन फूट पुढे सरकवली, तर वाढीव भागाला १९६२ ची तारीख वाचवत नाही. आणि जुन्या भागालाही मिळतं ते सहन केल्या गेलेल्या, म्हणजे जुनं म्हणून न पाडता राहू दिलेल्या, बांधकामाचं संरक्षण. त्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. हे वकिलाला आधीच खरं सांगा, नाहीतर पालिकेचे अभियंते मोजमाप घेऊन तेच न्यायालयात सांगतील.

आणि पेटीतल्या भाडेपावत्यांना कृपा करून लॅमिनेशन करू नका. अस्सल कागद, शाई आणि महसुली तिकीट तपासता येईल अशाच अवस्थेत न्यायालयात पोचायला हवेत. झेरॉक्स काढा, आणि मूळ पावत्या कोऱ्या कागदाच्या घड्यांत ठेवून कोरड्या जागी जपा.