भाव कुणाच्या वाट्याला?

प्रश्न : बरीच वर्षं स्वतःच्या पैशाने वायद्याचे सौदे केले. आता रीतसर परवाना काढून चार ग्राहकांची खाती सांभाळतो. चौघांसाठी मिळून एकच ऑर्डर टाकतो, पण ती तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या भावांना भरते. सध्या ज्याचं खातं मागे पडलंय त्याला चांगला भाव देतो, म्हणजे सगळे खूश राहतात. हे चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. तुमच्या मनात काळंबेरं नाही हे मला पटतं. पण तपासणीला येणारा माणूस तिकिटं (ऑर्डर केव्हा टाकली, कोणत्या भावाला भरली याच्या नोंदी) बघतो, आणि तिकिटांवर एवढंच दिसेल की भाव कळल्यावर तुम्ही वाटणी केलीत. मागे पडलेल्याला दिलेला चांगला भाव हा दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून गेलेला असतो. त्याला तुम्ही विचारलं होतंत?

माझी नोकरी वाटणीच्या टेबलावरचीच. सौदे करणारे साहेब ऑर्डर सांगायला लागले की मी आधी म्हणायचे, ‘वाटणीचा कागद?’ कोणत्या खात्याला किती लॉट (वायद्याचे ठरावीक आकाराचे गठ्ठे), हे लिहून त्यावर वेळ टाकल्याशिवाय मी फोन उचलत नसे. बाजार पळतोय म्हणून साहेब चिडायचे. चिडू देत. त्या कागदामुळेच पुढे ग्राहकांसमोर त्यांना मान वर करून बोलता यायचं.

तुमचंच उदाहरण घेऊ. चार खात्यांना अनुक्रमे ४, ३, २ आणि १, असे १० लॉट घ्यायचे आहेत. ५ लॉट २०० ला मिळाले, ३ लॉट २००.५० ला आणि २ लॉट २०१.५० ला. सरासरी येते २००.४५. ब्रोकर सरासरी भाव लावून देत असेल तर चौघांनाही २००.४५, विषय संपला. देत नसेल, तर खाती एका ठरलेल्या क्रमाने लावा आणि सगळ्यात चढा भाव नेहमी एकाच टोकाच्या खात्याला द्या, खरेदीतही आणि विक्रीतही. म्हणजे ज्याला खरेदीत महाग पडलं, त्यालाच विक्रीत जास्त मिळतं. दर वेळी अगदी बरोबर फिटंफिट होईल असं नाही, पण त्यात तुमचा हात नसतो, आणि मुद्दा तोच आहे.

आता ऑर्डर अर्धवट भरली तर? वरच्या १० पैकी ६ च मिळाले असं धरा. त्याच प्रमाणात हिशेब केला तर २.४, १.८, १.२ आणि ०.६ येतात. आधी पूर्णांक द्या : २, १, १, ०. उरले २. ते ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना, म्हणजे दुसऱ्याला आणि चौथ्याला. अखेर २, २, १, १. दुसरी रीतही चालेल, पण ती आज लिहून ठेवा आणि उद्या बदलू नका.

अमेरिकी नियम अशा एकत्रित ऑर्डरची वाटणी दिवसअखेरपर्यंत करायची मुभा पात्र व्यवस्थापकांना देतात, मात्र कोणत्याही खात्याला सातत्याने झुकतं किंवा उणं माप मिळता कामा नये. माझं मत विचाराल तर ही मुभा असली तरी वापरू नये. संध्याकाळपर्यंत कोणता सौदा नफ्यात आहे ते दिसलेलं असतं, आणि दिसल्यावर हात आपोआप वळतो.

चुकून जास्त लॉट घेतले गेले, तर तो सौदा चुकांच्या वेगळ्या खात्यात टाका, लगेच उलटा सौदा करून मिटवा आणि तोटा स्वतः सोसा. बेरिंग्ज बँकेच्या सिंगापूरमधल्या निक लीसनने ८८८८८ नंबरच्या अशाच खात्यात तोटा साठवत नेला. १९९५ मध्ये ८२ कोटी पौंडांहून अधिक तोटा उघड झाला आणि बँक बुडाली. या खात्यात सौदा रात्रभर राहता कामा नये.

प्रश्न : नफ्यावरची फी चौघांच्या एकूण नफ्यावर लावू का? हिशेब सोपा पडेल.

उत्तर : सोपा पडेल आणि चुकीचा पडेल. एक ग्राहक १०० भरून आला, खातं १२० झालं, तुम्ही २० वर फी घेतलीत. (फी खात्याबाहेरून मिळाली असं समजू, म्हणजे आकडे सरळ राहतील.) मग खातं १०५ वर घसरलं आणि पुन्हा ११८ ला आलं. त्याच्याकडून आता एक पैसाही घ्यायचा नाही, कारण १२० पर्यंतची फी तुम्ही आधीच घेतली आहे. पण तेवढ्यात १०५ भरून दुसरा ग्राहक आला असेल, तर त्याच्या १३ वर फी लागू होते. प्रत्येक खात्याची उच्चांक-रेषा (ज्या पातळीच्या वर गेल्यावरच नवी फी लागते ती) वेगळी, म्हणून वहीत रकानाही वेगळा.

प्रश्न : एक ग्राहक ५० च जमा ठेवतो, पण सौदे १०० चं खातं समजून करा म्हणतो. ऐकावं का?

उत्तर : व्यवसायात ही रीत आहे, पण कागद पक्के हवेत. १०० वर १० टक्के घट म्हणजे त्याच्या रोख रकमेतले २० टक्के गेले. हे त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या, आणि फी ५० वर की १०० वर हेही त्याच कागदात येऊ द्या. मार्जिन (सौद्यासाठी तारण म्हणून ठेवायची रक्कम) कमी पडलं तर किती वेळात पैसे भरायचे हेही ठरवा. दुसऱ्या ग्राहकाच्या शिलकीतून ‘दोन दिवसांपुरतं’ भागवायचं नाही. तशीही पैसे काढण्याची मुखत्यारी तुमच्याकडे असूच नये, सौदे करण्यापुरती पुरे. आणि त्याचं खातं एका लॉटचा झटकाही सोसणार नाही इतकं लहान असेल, तर फी बुडाली तरी चालेल, नाही म्हणा.